पिठाच्या हातांनी जाहिरात बंद होत नाही

सुलभे,

तुझ्या श्रद्धांजलीचा फलक लागलाय. मुलुंड पूर्वेला, भाजीवाल्यांच्या चौकात, चांगला आठ फुटी. वर तुझा फोटो, भाचीच्या लग्नातला, ज्यात तू नथ घालून कॅमेऱ्याकडे नाही तर जिलेबीच्या कढईकडे बघते आहेस. त्याखाली ‘सुगरण माउलीस भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली हात जोडलेले सहा पुरुष, त्यांतला एकही तुझ्या हातचं जेवलेला नाही. आणि सगळ्यांत खाली पिवळ्या पट्टीत: दहावी-बारावीच्या क्लासचे प्रवेश सुरू, पहिल्या पन्नास विद्यार्थ्यांना दप्तर मोफत.

मी फुटपाथवर उभी राहून हसले. पोट धरून हसले. केळीवाला घाबरला. “काय झालं ताई?” म्हणाला. “मैत्रीण गेली,” म्हटलं. त्याने बिचाऱ्याने स्टूल पुढे केलं, आणि मग त्या स्टुलावर बसून जे व्हायचं ते झालं. तू जाऊन तीन आठवडे झाले होते, तोवर डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या मोफत दप्तरांनी आणलं.

तू असतीस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, “बघ गो नटवे, तुझ्या धंद्याची करणी.”

जाहिरात माझा धंदा, हे खरंच आहे. एका फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकासाठी मी वीस वर्षं जाहिराती गोळा केल्या. घाटकोपरपासून ठाण्याच्या वेशीपर्यंत असं एक साडीचं दुकान नाही, जिथे मी गादीवर बसून चहा प्यायले नाही. तू औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, मिलिग्रॅम मोजणारी. एकाच इमारतीत राहून पंधरा वर्षांत आपण ‘पाणी आलं का?’ याच्या पुढे गेलो नव्हतो. मग माझं साप्ताहिक आणि तुझी कंपनी एकाच वर्षी बंद पडली, आणि कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता सोसायटीच्या बाकावर दोन बायका बसलेल्या दिसू लागल्या. वॉचमनला वाटलं, कुणीतरी गेलंय.

त्या बाकावरच तू मला तुझा फोन दाखवला होतास. तुझी प्राची नुकती लग्न होऊन बोरिवलीला गेली होती आणि इंटरनेटवर बघून आमटी करत होती. ती पाककृती तू मोठ्याने वाचलीस आणि भडकलीस. “चवीनुसार मीठ! हे काय लिहिणं झालं? औषधाच्या बाटलीवर ‘तब्येतीनुसार गोळ्या’ असं छापतात का?”

मी म्हटलं, मग तू लिही. गंमत म्हणून म्हटलं होतं. पण तुला गंमत म्हणून काही सांगायची सोय नव्हती. महिन्याभरात ‘मोजून मीठ’ ही आपली वेबसाइट सुरू झाली. लिहिणार तू, विकणार मी. आणि मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही म्हणून आणखी एक हुद्दा मिळाला, परीक्षार्थी.

ती तुझी परीक्षा! मी ती आता जिला भेटेन तिला रंगवून सांगते, पण कुणाला खरी वाटत नाही. तू पाककृती लिहायचीस, छापून माझ्या हातात द्यायचीस, आणि तुझ्याच ओट्यापाशी मला उभी करायचीस. स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर. मध्ये बोलायचं नाही असा तुझाच नियम, आणि तो तुझ्याकडून पाळला जात नाही म्हणून तोंडात लवंग धरायचीस. मी चुकले की तुझे डोळे मोठे व्हायचे, लवंग या गालातून त्या गालात जायची, पण शब्द नाही. ‘कांदा लालसर होईपर्यंत परता’ असं होतं, आणि मी इमानदारीत लाल रंगाची वाट बघत बसले. कांद्याचा कोळसा झाला. शेजारचे कुलकर्णी दार वाजवून गेले, काही पेटलंय का म्हणून. मी म्हटलं, “सॉरी गं.” तू लवंग काढलीस आणि म्हणालीस, “तू कशाला सॉरी? चूक वाक्याची आहे.” आणि ते वाक्य बदललंस. ‘कांद्याच्या कडा तपकिरी दिसल्या आणि मधला भाग अजून पारदर्शक असला की आच बंद करा.’ मग पुन्हा कांदा, पुन्हा मी, पुन्हा लवंग. एका पाककृतीला तीन-तीन दुपारी. मला आयुष्यात कुणी इतकं मानाने वागवलं नाही. माझ्या प्रत्येक मूर्खपणाला तू वाक्याची चूक म्हणायचीस.

आणि हे सगळं कुणालाही, कुठेही, फुकट. इथेच आपली वाजायची.

“हे चालायचं कशावर?” मी विचारायचे. “नारळ काय आकाशातून पडतात? सुरमईचा भाव बघितलास?”

“वर्गणी ठेवू.”

“कोण देणार? शेजारणीकडे वाटी घेऊन गेलं की पाककृती फुकट मिळते.”

“शेजारीण चवीनुसार सांगते.”

“सुलभे, वाचकाच्या पैशावर जगात काही चाललेलं नाही. पेपर चालला तो जाहिरातींवर. माझं साप्ताहिक वीस वर्षं चाललं. त्यात नाल्याच्या बातम्या यायच्या, पाण्याच्या बातम्या यायच्या, आणि त्यांचं बिल साडीवाले भरायचे.”

त्यावर तू जे म्हणालीस ते मला आजही खोडता येत नाही. “त्या जाहिराती कागदावर गप्प बसायच्या. आपापल्या चौकटीत. तुझ्या फोनवरच्या उठून अंगावर येतात.”

मी म्हटलं, तुझी ही मतं प्रयोगशाळेत ठेव. तू म्हणालीस, “तू माका शिकवतंस?” तू मालवणीत गेलीस की वाद संपला, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी मी तुला पवईला घेऊन गेले होते, आठवतं? तळ्याच्या बाजूला ती काचेची इमारत, आणि वेबसाइटवर जाहिराती लावून देणारा तो दाढीवाला साहेब. माणूस सभ्य होता. त्याने पडद्यावर आपली पानं उघडली आणि म्हणाला, “मॅडम, क्वालिटी जबरदस्त आहे. पण पान फार लहान आहे. लोक येतात, वाचतात आणि जातात.”

तू म्हणालीस, “जाणारच. त्यांना स्वयंपाक करायचाय.”

“त्यांना थांबवायला पाहिजे ना. वर थोडी स्टोरी टाका. तुमचं बालपण, कोकण, आजीच्या हातची चव. दहा-बारा पॅरेग्राफ. मग खाली रेसिपी. मध्ये मध्ये जाहिराती बसतात.”

“माझी आजी वाईट स्वयंपाक करायची,” तू म्हणालीस. “फारच वाईट. आजोबा त्यावरून गाव सोडून मुंबईला गिरणीत आले.”

त्याला कळेना, हसावं की नाही. मला कळलं होतं, की हे काम गेलं. परतीच्या रिक्षात, भांडुप आल्यावर म्हणालीस, “भूक लागलेल्या माणसाला दहा पॅरेग्राफ थांबवायचं, हे पाप आहे गं.” मी म्हटलं, “आणि नारळाला पैसे नसणं, ते पुण्य का?” मग आपण दोघी हसलो.

आता मी तुला एक गोष्ट सांगणार आहे. तुला अर्धी माहीत आहे.

तो गणपतीचा आठवडा. आपल्या उकडीच्या मोदकांच्या पानावर चतुर्थीच्या आधी गर्दी उसळायची. त्या वर्षी मी तुला न विचारता त्या दाढीवाल्याला फोन केला आणि फक्त चार दिवसांसाठी आपोआप जाहिराती चालू करायला सांगितल्या. कुठल्या जाहिराती, कुठे बसणार, हे यंत्र ठरवणार. मी म्हटलं, तुला कळणार नाही. तू काय, स्वतःचं पान उघडून मोदक करणार आहेस थोडीच.

पण पानाच्या माथ्यावर तुझा फोन नंबर होता. ‘अडलात तर फोन करा.’ हाही तुझाच हट्ट.

चतुर्थीची सकाळ. मी तुमच्याकडे आरतीला आलेली. तुझा फोन वाजला आणि तू तो स्पीकरवर टाकलास, कारण तुझेही हात उकडीत होते. पलीकडे दहिसरची एक बाई, रडकुंडीला आलेली.

“ताई, माझे दोन्ही हात उकडीत आहेत आणि फोनवर गादी आलीय.”

“काय आलंय?”

“गादी हो! झोपायची! पूर्ण फोनभर. पुढची पायरी दिसेना. हात धुवायला गेले तर उकड गार होईल. म्हणून नाकाने दाबून बघितलं, तर गादीच्या दुकानातच गेले. आता हे अंघोळीहून आले, यांनी फोन लावून माझ्या कानाला धरलाय. उकड तर गार झालीच. पाऱ्या फाटतायत. सासूबाई बघतायत ताई.”

तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मी त्या दिवशी नऊवारी नेसले होते, आणि त्या नऊवारीत मला लपायला जागा सापडेना.

तिला तू शांतपणे सांगितलंस, “घाबरू नकोस. उकडीला झाकण ठेवून एक वाफ दे. मग पाण्याचा हात लावून गरम असतानाच मळ. फाटणार नाहीत. आणि सासूबाईंना सांग, फोन बिघडला होता, सून नाही.” तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा वाजला. मग तिसरा. वाकोल्याहून, कल्याणहून, एक नाशिकहून. कुणाच्या फोनवर गादी, कुणाच्या फोनवर कर्ज, एकीकडे तर ऐन सारण करताना मधुमेहाची तपासणी. तू दुपारपर्यंत एकेकीला पुढची पायरी तोंडी सांगत होतीस. तुझ्या घरचे मोदक शेवटी मी वळले. बाप्पाने ते कसे खाल्ले ते त्यालाच ठाऊक.

सगळं आटोपल्यावर मी मान खाली घालून उभी राहिले. मला वाटलं, तू मालवणीत जाशील. तू म्हणालीस, “रेखा, ती चूक कुणाची होती?” मी म्हटलं, “माझी.” तू ‘हो’ म्हणून मान हलवलीस. पहिल्यांदाच तू वाक्याला दोष दिला नाहीस. ते मला फार लागलं. अजूनही लागतं.

इथपर्यंतचं तुला माहीत होतं. पुढचं ऐक.

महिन्याने तू विचारलंस, त्या जाहिरातींचे काही आले का? मी म्हटलं, छे, फुटकी कवडी नाही. तू विजयी चेहऱ्याने चहा ओतलास.

सुलभे, आले होते. त्या चार दिवसांत साइटचं अख्ख्या वर्षाचं भाडं निघालं, वर थोडे उरले. आणि मी ते भाडं गुपचूप भरून टाकलं. तुला म्हटलं, साइट ठेवणाऱ्या कंपनीने जुने ग्राहक म्हणून सूट दिली. तुला सांगितलं असतं तर तू ते पैसे परत पाठवले असतेस, शिवाय दहिसरच्या बाईला मोदकाचं पात्र. म्हणजे आपल्या कायमच्या वादात जाहिरात जिंकल्याचा पुरावा माझ्याकडे होता आणि मी, भर सभेत टाळ्या घेणारी बाई, तो गिळून बसले.

पण खरं सांगू? तो पुरावा लंगडाच होता, हे तेव्हाच कळलं होतं. त्या पैशांनी साइटचं भाडं निघालं. तुझ्या दुपारी नाही निघाल्या. जाहिरातीने पैसे दिले ते मोदकाच्या गर्दीला, आणि त्याच वेळी मोदक बिघडवले. तुझ्या फणसाच्या भाजीच्या पानावर दिवसाला चार माणसं यायची, त्या पानामागेही तीन दुपारी होत्या, त्याला त्या यंत्राने काय दिलं असतं? यंत्र डोकी मोजतं. लवंग मोजत नाही.

हॉस्पिटलात मी रोज ठरवून यायचे, की आज सांगायचंच. आणि विचारायचंच, की पुढे साइटचं काय करू? तू मात्र तिथल्या खिचडीवर अडलेली. “पाच वाट्या पाणी घातलंय. साडेतीन पुरे होतं. लिहून घे आणि त्या स्वयंपाकाच्या मावशींना दे.” मी लिहून घेतलं. दिलंही. दुसऱ्या दिवशी खिचडी बरी होती, पण तोवर तुझं जेवण बंद झालं होतं. मी तुझ्या पायाला तेल लावत बसले होते. तू डोळे मिटून म्हणालीस, “काहीतरी सांगायचंय ना तुला? चेहरा नाटकात असतो तसा झालाय.” मी म्हटलं, “काही नाही गं.” एवढी बोलणारी मी. एवढंच बोलले.

तेरावं झाल्यावर प्राची माझ्याकडे आली. म्हणाली, “मावशी, महिनाअखेरीला साइटचं भाडं भरायचंय. मी भरीन गं. या वर्षी भरीन, पुढच्याही भरीन. पण मग ती आईची आठवण म्हणून राहील. साइट म्हणून नाही.” तुझी मुलगी आहे, वाक्य चुकत नाही. मग म्हणाली, “पवईच्या त्या साहेबांचा फोन होता. त्यांना विकत घ्यायचीय. सगळ्या पाककृती ठेवतील म्हणाले, फुकट ठेवतील. तू ठरव.”

तुझा फोन आता माझ्याकडे असतो. अजून वाजतो. मी उचलते, पान उघडते आणि तुझं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवते. बायका म्हणतात, ताई, तुम्ही किती छान समजावता! मी ‘आभारी आहे’ म्हणते. टाळ्या सोडायची सवय नाही मला.

पवईच्या साहेबांना मी फोन केला. मी विकायला तयार होते, हेही तुला सांगून टाकते. मला वाटत होतं, बंद पडण्यापेक्षा गादीसकट राहिलेलं बरं. सगळं ठरत आलं होतं. मी सहज विचारलं, “एक सांगा, हात पिठात असतील तर जाहिरात बंद कशी करायची?”

तो मोकळेपणाने हसला. “मॅडम, बंद करता येऊ नये, हाच तर पॉइंट आहे ना.”

मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मी माझी जुनी पर्स काढली, चप्पल घातली आणि जे मला येतं ते करायला निघाले. पहिल्यांदा परबांच्या पिठाच्या गिरणीत. आपल्या मागच्या गल्लीतली, एकाच चक्कीची. परब मला बघून उठून उभा राहिला, पीठ लागलेले हात जोडले. “ताईंनी माझ्याकडून किती वेळा दळण परत दळून घेतलंय, वहिनी. बोटांत चोळून बघायच्या आणि म्हणायच्या, परब, ही भाजणी नाही, ही रेती आहे.”

मी साइटचं सांगितलं. शेवटच्या पायरीच्या खाली, पाककृती संपल्यावर, एकच चौकट. हलणार नाही, ओरडणार नाही, अंगावर येणार नाही. वर्षभराची. अशी बारा दुकानं मिळाली तर साइट चालेल.

त्याने गल्ल्यातून नोटा काढल्या. “जाहिरात-बिहिरात नको. ताईंच्या नावाने ठेवा.”

मी हात मागे घेतला. वीस वर्षांत मी कुणाची नोट परत केली नव्हती, सुलभे. “परब, देणगी माणूस एकदा देतो. पुढच्या वर्षी मी आले तर शटर ओढून घ्याल. मला जाहिरात द्या. ती चालली नाही तर मला शिव्या द्या, चालली तर पुन्हा द्या.”

“पण मी लिहू काय? ‘उत्तम दळण, वाजवी दर’?”

“ते सगळेच लिहितात. गिऱ्हाइकाला तुम्ही रोज तोंडाने काय सांगता?”

तो विचारात पडला. मग म्हणाला, “सांगतो कसलं, भांडतो. मंगळवारी मी मिरची दळतो. त्याच दिवशी बायका भाजणी घेऊन येतात, चक्की कितीही पुसली तरी चकली तिखट होते, आणि मग मला बोलतात.”

“हेच लिहायचं.”

“गिऱ्हाइकाला येऊ नका सांगणारी जाहिरात असते का वहिनी?”

“आता असेल.”

तुझ्या चकलीच्या पानाखाली ती लावलीय. ‘परबांची गिरणी, मुलुंड पूर्व. भाजणी मध्यम दळून मिळेल, बारीक हवी असल्यास आधी सांगा. मंगळवारी मिरची दळतो. त्या दिवशी भाजणी आणू नका.’ अजून अकरा दुकानं हवीत आणि माझे गुडघे कुरकुरतात. मिळतील की नाही, खरंच माहीत नाही.

आज मंगळवार. मी मुद्दाम गिरणीवरून चक्कर मारून आले. परब डोक्याला फडकं बांधून मिरची दळत होता, गल्लीभर लोक शिंकत होते. मी लांबूनच विचारलं, “काय परब, जाहिरात चालली का?”

“आज भाजणीवाली एकही आली नाही वहिनी,” तो ओरडून म्हणाला.

एकही आली नाही. म्हणजे जाहिरात चालली, की ती कुणी वाचलीच नाही? यावर आपण दोघींनी निदान दोन दुपारी काढल्या असत्या. मी तुझ्या दारापर्यंत गेले सुद्धा. बेलवर हात ठेवला आणि मग लक्षात आलं.